ऑगस्टची मोजणी

रात्रीचे सव्वादोन. उलानबातर.
बाहेर उणे चौतीस, आणि कोळशाचा धूर इतका दाट
की समोरच्या इमारतीचे मजले
कोणीतरी वरून खाली पुसत आणलेत.
आत सर्व्हरची खोली गार, निवांत.
सोळातला एकच प्रोसेसर घाम गाळतोय.
हे मला आधीच खटकायला हवं होतं.

प्रश्न साधा आहे:
कुठल्या तालुक्यात, कुणाच्या कळपातली किती जनावरं गेली,
वैरणीची गाडी आधी कुणाकडे.
उन्हाळ्यात याचं उत्तर दोन सेकंदांत यायचं.
आज बावीस मिनिटं
पडद्यावरचं ते चक्र
खुंटीला बांधलेल्या घोड्यासारखं
स्वतःभोवती फिरतंय.

साप साप म्हणून आधी भुई धोपटली.
डिस्क पाहिली. मेमरी पाहिली.
नेटवर्कच्या तुमुर-ओचिरला झोपेतून उठवून
त्याच्या बायकोचाही आवाज ऐकला.
मग सापडलं एक कुलूप:
दक्षिण गोबीच्या कचेरीतलं कोणीतरी
काल दुपारी एक व्यवहार उघडा टाकून
जेवायला गेलं ते गेलंच.
तोडलं.
मनाशी म्हटलं, झालं.
बावीसची एकवीससुद्धा झाली नाहीत.

तेव्हा कुठे विचारलं त्यालाच,
बाबा रे, तू करतोयस तरी काय?

त्याने आपला बेत उलगडून दाखवला,
पायरी पायरीने, काही न लपवता.
तिसऱ्या पायरीवर दोन आकडे शेजारी शेजारी.
'मृत' अशी नोंद असलेली जनावरं,
अंदाज: दोनशे सहा.
प्रत्यक्षात: एक्केचाळीस लाख.

दोनशे असतील तर माणूस प्रत्येकीजवळ चालत जातो,
कान धरून बिल्ला वाचतो, पुढची.
तो तेच करत होता.
बावीस मिनिटं, बर्फातून,
एकेका मेलेल्या मेंढीजवळ जाऊन
कान धरून बिल्ला.

त्याची काय चूक? त्याच्याकडची मोजणी ऑगस्टची.
तेव्हा गवत गुडघ्याला लागत होतं,
मेली होती ती म्हातारी, किंवा लांडग्याने नेलेली.
नंतर झुद आला,
गवतावर बर्फाचं काचेसारखं झाकण बसलं,
खुरांनी खरवडून खरवडून जनावरं उभ्या उभ्या गेली.
त्याला हे कोणी सांगितलंच नाही.

रोज रात्री सांगणारं एक काम होतं.
सप्टेंबरात बंद केलेलं.
वहीत नोंद आहे: 'मंत्रालयाचा अहवाल अडतोय, आठवडाभर थांबवते.'
खाली सही, सान्सारमा.
अक्षर माझंच. जरा घाईतलं.

फिरून मोजायला लावलं. चार मिनिटं लागली.
तेवढ्यात चहा उकळला, त्यात मीठ दोनदा पडलं.
मग तोच प्रश्न, एक अक्षर न बदलता.
एक पूर्णांक नऊ सेकंद.

इतकं पटकन येईल असं वाटलं नव्हतं.
ओळी धडाधड खाली सरकत गेल्या,
नावं, तालुके, होती, गेली, उरली,
आणि मी बोटाने थांबवलं ते
दोन हजार एकशे सतराव्या ओळीवर.
बाझारसाद. माझा भाऊ.
होती चारशे तीस.
उरली एकोणतीस.

परवाच फोनवर म्हणाला होता,
'आहेत गं, चारेकशे असतील.'
मागे वारा होता,
आणि एकही मेंढी ओरडत नव्हती.
ते मी तेव्हा ऐकलं नव्हतं.

यादी पुढे पाठवली. क्रम बदलला नाही.
बंद केलेलं काम पुन्हा चालू केलं: रोज, पहाटे तीन.
खाली गाडीच्या इंजिनावर नमद्याची गोधडी आहे,
ती काढायची, हात चोळायचे,
किल्ली फिरवून पाहायची.
तीनला सात कमी.
तेवढं होईपर्यंत थांबते.